टेनिसमध्ये करिअर होतं का? ठाणे-नवी मुंबईच्या वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आम्ही लिहिलं होतं की मुलांच्या टेनिसबद्दल काही विचारायचं असेल तर कळवा. पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअॅपवर तर रात्री अकरा-अकराला प्रश्न आले, आणि त्यातले बरेचसे ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ, खारघर या पट्ट्यातले. मी स्वतः राज्य पातळीपर्यंत खेळलेय आणि आता नवी मुंबईत मुलांना शिकवते, त्यामुळे कोर्टवर जे दिसतं तेच सांगणारेय. जवळपास प्रत्येक पत्रात पैशाचा विषय होता, म्हणून त्यावर मोकळेपणानं बोलूया.

प्रश्न : ताई, माझी मुलगी बारा वर्षांची आहे, सातवीत. चार वर्षं झाली टेनिस खेळते. एआयटीएच्या (ऑल इंडिया टेनिस असोसिएशन) टॅलेंट सिरीजमध्ये अंडर-१२ च्या दोन स्पर्धा जिंकली, एकदा चॅम्पियनशिप सिरीजला सेमीपर्यंत गेली. आता कोच म्हणतात सिरीयसली खेळायचं तर रेग्युलर शाळा सोडा, ओपन स्कूलिंग करा, रोज सहा तास कोर्टवर पाहिजे. मिस्टर ऐरोलीला आयटीत आहेत, ते म्हणतात पीएफ काढू पण पोरीला खेळवू. सासूबाई म्हणतात खुळे झालात का. खरंच यात करिअर होतं का? – एक आई, घोडबंदर रोड

उत्तर : ताई, आधी सरळ सांगते. शाळा आत्ता सोडू नका, पीएफला हात लावू नका, आणि टेनिस अजिबात बंद करू नका. तिन्ही एकदम जमतं.

आता का ते सांगते. बाराव्या वर्षी जी मुलगी जिंकते ती बऱ्याचदा उंचीनं लवकर वाढलेली असते किंवा चेंडू परत टाकत राहण्यात चिवट असते, आणि अंडर-१२ मध्ये तेवढ्यावर मॅच निघते. अंडर-१६ ला समोरची पोरगी सर्व्हवरच पॉइंट घेते, दुसरी सर्व्ह लुळी असेल तर पुढे येऊन मारते, तिथं नुसत्या चिवटपणावर भागत नाही. म्हणून या वयात ट्रॉफी किती आल्या ते मी बघतच नाही, मी बघते की सर्व्हची अॅक्शन नीट बसलीय का, पाय हलतात का, हरल्यावर पोरगी दुसऱ्या दिवशी स्वतःहून बॅग उचलते का.

आणि सहा तास? हे मला खरंच पटलेलं नाही. क्रीडावैद्यक डॉक्टरांचा साधा नियम आहे की वाढत्या मुलानं एका खेळाचा आठवड्याचा सराव आपल्या वयाच्या आकड्यापेक्षा जास्त तास करू नये. म्हणजे तुमच्या लेकीला आठवड्याला बारा तास. रोज सहा धरले तर सहा दिवसांचे छत्तीस होतात, तिप्पट! या वयात हाडं झपाट्यानं वाढत असतात, सर्व्ह करताना कंबर मागे वाकते आणि वळते, पाठीच्या मणक्याला स्ट्रेस फ्रॅक्चर होतात ते याच वयात, आणि मग सहा-सहा महिने घरी बसावं लागतं. आपल्या युकी भांबरीचं बघा, २००९ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपनचं मुलांचं विजेतेपद त्याच्याकडे होतं, ज्युनिअरमध्ये जगात पहिला नंबर, आणि नंतरची कितीतरी वर्षं दुखापतींनी खाल्ली. सिंगल्समध्ये तो ८३ पर्यंत पोचला तो २०१८ मध्ये. प्रज्ञेश गुणेश्वरनची वर्षं गुडघ्यात गेली आणि ७५ वा नंबर आला तेव्हा तो तिशीला टेकला होता. ही दोघं तर जिद्दीनं परत उभी राहिली. जी परत आलीच नाहीत त्यांची नावं कुणी छापत नाही.

आता करिअर म्हणजे नेमकं काय ते समजून घ्या, कारण घरात 'टेनिस प्लेअर' म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर विम्बल्डन येतं. शिडी अशी आहे. आपल्याकडे एआयटीएच्या टॅलेंट सिरीज, चॅम्पियनशिप सिरीज, सुपर सिरीज, नॅशनल सिरीज, आणि वर नॅशनल्स. तेरा वर्षं पूर्ण झाली की आयटीएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, ज्युनिअर स्पर्धा खेळता येतात, तिथं जे३० पासून जे५०० पर्यंत दर्जे आहेत. चौदाव्या वर्षापासून मोठ्या बायकांच्या स्पर्धा खेळता येतात, पण अठरापर्यंत वर्षाला किती खेळायच्या यावर बंधन असतं आणि ते चांगलंच आहे. सगळ्यात खालची पायरी डब्ल्यू१५, मग डब्ल्यू३५ आणि वर. डब्ल्यूटीए, म्हणजे बायकांच्या प्रो टेनिसची संघटना, तिच्या रँकिंगमध्ये नाव यायला निदान तीन स्पर्धांत पॉइंट लागतात किंवा एकूण दहा पॉइंट, आणि हे पॉइंट बावन्न आठवड्यांनी गळतात. म्हणजे पोरगी आजारी पडली, बारावीच्या परीक्षेला बसली, पाय मुरगळला, तरी मागच्या वर्षीचे पॉइंट थांबत नाहीत, ते जातातच. घरच्यांना याची कल्पना आधी असायला हवी, नाहीतर रँकिंग घसरलं की सगळे पोरीला बोलायला लागतात.

डब्ल्यू१५ मधला १५ म्हणजे पूर्ण स्पर्धेचं बक्षीस १५,००० डॉलर. ते सगळ्या खेळाडूंत वाटलं जातं. सिंगल्स जिंकणारीला साधारण दोन हजार डॉलरच्या थोडं वर मिळतात, पहिल्या फेरीत हरली तर दीडशेच्या आसपास, आणि त्यातूनही कर कापला जातो. आता या स्पर्धा आठवड्यामागून आठवडे कुठं चालतात तर ट्युनिशियात मोनास्तिर, इजिप्तमध्ये शर्म अल शेख, तुर्कीत अंताल्या. मुलीचं तिकीट, सोबत आई किंवा बाबांचं तिकीट, व्हिसा, हॉटेल, जेवण, गटिंग (रॅकेटच्या तारा बसवणं), आणि कोच सोबत नेला तर त्याचं सगळं. हा हिशेब एकदा तुम्ही दोघं वहीत मांडून बघा. कोचिंगच्या फीनं कुटुंबं मोडत नाहीत, प्रवासानं मोडतात. म्हणून मी म्हणते की पीएफ हा अठराव्या वर्षानंतरचा विषय आहे, आणि तोही तेव्हा पोरीचा खेळ काय म्हणतोय ते बघून. तोपर्यंत आपल्या भागातल्या स्पर्धा भरपूर आहेत, पुणे, मुंबई, सोलापूरला बायकांच्या आयटीएफ स्पर्धाही झाल्यात, तिथं नुसतं बघायला न्या तिला. पुण्याला शिवाजीनगरला उतरून डेक्कन जिमखान्याच्या कोर्टवर गेलात तरी चालत जाण्याइतकं जवळ आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुली वॉर्मअप कसा करतात, हरल्यावर एकट्या बसून काय खातात, हे बघितलं की पोरीला आपोआप कळतं की आपल्याला हे आयुष्य हवंय की नको.

पण निराश करायला हे लिहीत नाहीये हं, उलट मुलींसाठी आत्ताचा काळ आशेचा आहे. कोइम्बतूरची माया राजेश्वरन रेवती, तेव्हा पंधरा वर्षांची, फेब्रुवारी २०२५ ला मुंबईत सीसीआयवर (क्रिकेट क्लब ऑफ इंडिया) डब्ल्यूटीए १२५ ची स्पर्धा झाली तिथं क्वालिफाइंग (पात्रता फेऱ्या) खेळून थेट सेमीफायनलला गेली. आपली कोल्हापूरची ऐश्वर्या जाधव २०२२ मध्ये विम्बल्डनच्या अंडर-१४ ला खेळून आली. आणि ऋतुजा भोसले, जिचं उदाहरण मी प्रत्येक पालकाला देते, ती अमेरिकेत टेक्सास ए अँड एम युनिव्हर्सिटीत शिकली, कॉलेजकडून खेळली, परत आली, प्रो खेळली, आणि २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये रोहन बोपण्णाबरोबर मिक्स्ड डबल्सचं गोल्ड घेऊन आली. फायनलला पहिला सेट हरून! तिनं शाळा-कॉलेज सोडलं असतं तर ते लवकर मिळालं असतं असं मला तरी वाटत नाही.

तर तुमच्यासाठी माझं म्हणणं असं. शाळेशी बोला, पहिला किंवा शेवटचा तास सोडायची परवानगी मागा, बऱ्याच शाळा राज्य पातळीच्या मुलांना देतात. शालेय स्पर्धाही खेळवा, जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत ज्या होतात त्या, कारण दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळायचे तर तो रस्ता लागतो, आणि सासूबाईंनाही जरा बरं वाटेल. आणि कोर्ट घराजवळचं बघा. घोडबंदरहून वाशीला किंवा अंधेरीला नामांकित अॅकॅडमीत रोज जाणारी मुलं मी बघते, माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये दीड तास, परत दीड तास, गाडीतच डबा, गाडीतच होमवर्क, कोर्टवर उतरते तेव्हाच पोरगी दमलेली असते. ते तीन तास झोपेला आणि फिटनेसला दिले तर खेळ जास्त सुधारेल, हे मी छातीठोकपणे सांगते. मोठ्या कोचकडं महिन्यातून एकदा रविवारी न्या, व्हिडिओ काढून आणा, बाकी रोजचं जवळच्या कोर्टवर. पावसाळ्यात जून ते सप्टेंबर तसंही आपल्याकडं कोर्ट ओली असतात, तेव्हा स्किपिंग, पोहणं, धावणं, अंगात ताकद येण्याचं काम करून घ्या.

चौदाव्या वर्षी परत विचार करा. तेव्हा ती सुपर सिरीज, नॅशनल सिरीजच्या मेन ड्रॉमध्ये सातत्यानं दोन-तीन राउंड काढत असेल आणि अजूनही सकाळी स्वतः उठत असेल, तर पुढचं एक वर्ष वाढवा. मग सोळाव्या वर्षी परत. एका वर्षापुरताच निर्णय घ्यायचा, दरवर्षी नवा. आणि ताई, एक गोष्ट मनापासून. हरून आल्यावर गाडीत मॅचबद्दल बोलू नका. आधी खायला घाला. तिला बोलायचं असेल तर ती बोलेल.

प्रश्न : मॅडम, मी १७ वर्षांचा आहे, नेरूळला राहतो, बारावी सायन्स. अंडर-१८ मध्ये भारतात रँकिंग बरं आहे, दोन जे३० मध्ये क्वार्टर खेळलोय. मला डायरेक्ट प्रो खेळायचंय, एम१५ पासून, म्हणजे पुरुषांच्या प्रो स्पर्धांच्या सगळ्यात खालच्या पायरीपासून. बाबा म्हणतात अमेरिकेत कॉलेजला जा. मित्र म्हणतात कॉलेजला गेलो की प्रो संपलं. काय करू?

उत्तर : अरे, मित्रांचं हे म्हणणं जुनं झालं. कॉलेज करून वर गेलेले बघ. बेन शेल्टन फ्लोरिडा युनिव्हर्सिटीचा, २०२२ चा कॉलेज चॅम्पियन. कॅमरन नोरी टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीचा. मुलींमध्ये एमा नवारो आणि डॅनिएल कॉलिन्स, दोघी व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीच्या. आपला सोमदेव देववर्मनही व्हर्जिनियाचाच, २००७ आणि २००८ असा सलग दोनदा एनसीएए (अमेरिकेतली कॉलेज खेळांची संघटना) सिंगल्स जिंकला, मग २००९ ला चेन्नई ओपनच्या फायनलला गेला, २०१० ला एशियन गेम्सचं गोल्ड, आणि २०११ मध्ये जगात ६२ वा. आता तर कॉलेज रँकिंगमधल्या अगदी वरच्या पोरांना चॅलेंजर स्पर्धांत, म्हणजे एम१५ च्या बऱ्याच वरच्या पातळीवर, जागा मिळायची सोय एटीपीनं (पुरुषांच्या प्रो टेनिसची संघटना) केलीय. म्हणजे दार बंद होत नाही.

तुझ्या रिझल्टवरून सांगते, जे३० च्या क्वार्टरवाल्या मुलानं थेट एम१५ फिरायला लागलं तर पहिलं वर्ष बहुतेक क्वालिफाइंगमध्येच जातं. समोर पंचवीस-सव्वीस वर्षांचे, कॉलेज करून आलेले, अंगानं भरलेले गडी असतात. तू हरशील म्हणून नाही, पण एकट्यानं, कोच नाही, फिजिओ नाही, पैसे बाबांचे, असं वर्षभर हरत फिरणं मनाला फार लागतं रे. कॉलेजमध्ये चार वर्षं कोर्ट, कोच, जिम, फिजिओ, टीम, आणि आठवड्याला चांगल्या मॅच मिळतात आणि वर डिग्री. सुट्टीत एम१५ खेळ की, कोण नको म्हणतंय.

कामाला आत्ताच लाग, बारावीच्या रिझल्टची वाट बघू नकोस. तिथले कोच यूटीआर, म्हणजे मॅचच्या निकालांवरून निघणारं रेटिंग, बघतात, म्हणून चांगल्या लोकांशी मॅच खेळ, सोप्या ड्रॉच्या मागे लागू नको. मॅचचा न कापलेला व्हिडिओ पाठव, हरलेले पॉइंटही राहू देत, त्यांना तेच बघायचं असतं. इंग्रजीची परीक्षा, मार्कशीट, एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला रजिस्ट्रेशन, हे सगळं वेळ खातं. बारावीनंतर लांब गॅप घेऊन स्पर्धा खेळत राहिलास तर कॉलेजचं खेळायचं वर्ष जाऊ शकतं, आणि प्राइझ मनी घेण्याचेही नियम आहेत आणि ते बदलत राहतात, म्हणून ज्या कॉलेजशी बोलतोयस त्यांच्या ऑफिसला लेखी विचार. एजंटवर सगळं सोडू नको. स्कॉलरशिप पूर्ण आहे की अर्धी, आणि दुखापत झाली तर चालू राहते का, हे दोन प्रश्न सही करण्याआधी बाबांनी स्वतः विचारायचे.

प्रश्न : मी निवृत्त आहे, वाशीला राहतो, टेनिस फक्त टीव्हीवर बघतो. सुमित नागलसारखा खेळाडू खात्यात पैसे नाहीत म्हणतो तेव्हा धक्का बसतो. आणि आपले सगळे खेळाडू शेवटी डबल्सलाच का जातात? – एक आजोबा

उत्तर : काका, तुमचा धक्का अगदी रास्त आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये नागलनं सांगितलं होतं की त्याच्या बँकेत ९०० युरो उरलेत, म्हणजे साधारण ऐंशी हजार रुपये. हाच तो मुलगा ज्यानं २०१९ च्या यूएस ओपनला फेडररकडून पहिला सेट घेतला होता. आणि त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी २०२४ मध्ये, ऑस्ट्रेलियन ओपनला क्वालिफाय होऊन त्यानं ३१ व्या सीडेड (मानांकित) बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. ग्रँड स्लॅम सिंगल्समध्ये सीडेड खेळाडूला हरवणारा भारतीय त्याआधी १९८९ ला रमेश कृष्णन होता, त्यांनी मॅट्स विलँडरला हरवलं होतं. पस्तीस वर्षं! दुसऱ्या फेरीचे नागलला १,८०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले आणि जुलैत तो ६८ वर पोचला.

म्हणजे टेनिसमध्ये पैसा आहे, पण तो शंभराच्या आतल्यांकडं साठलाय. ग्रँड स्लॅमच्या सिंगल्सच्या ड्रॉमध्ये १२८ जण, त्यातले १०४ थेट रँकिंगवर येतात. तेवढ्यात तुम्ही असाल तर वर्षातून चार वेळा पहिल्या फेरीत हरूनही खर्च निघतो. दीडशेव्या नंबरवर असाल तर क्वालिफाइंगचे तीन राउंड जिंकावे लागतात, आणि कोच, ट्रेनर, प्रवास हा खर्च मात्र तेवढाच. क्रिकेटमध्ये बोर्ड नेतं-आणतं, टेनिसपटू स्वतःच स्वतःचा मालक आणि स्वतःच हमाल. हे लक्षात आल्यावरच एटीपीनं २०२४ पासून बेसलाइन नावाची योजना आणली, पहिल्या अडीचशे जणांना वर्षाच्या कमाईची काही हमी मिळते. माझ्या मते हे फार आधी व्हायला हवं होतं.

डबल्सचं म्हणाल तर त्यात कमीपणा काहीच नाही. एटीपीच्या डबल्समध्ये ड्यूसला (४०-४० झाल्यावर) एकच पॉइंट, तिसऱ्या सेटऐवजी दहा पॉइंटचा सुपर टायब्रेक, म्हणून शरीर जास्त वर्षं टिकतं. बोपण्णा ४३ व्या वर्षी, २०२४ ला, एब्डेनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपन जिंकला आणि जगात पहिला झाला, इतक्या वयात पहिला नंबर आधी कुणालाच मिळाला नव्हता. सानिया मिर्झा २००७ ला सिंगल्समध्ये २७ वी होती, मनगटानं दगा दिला, मग डबल्स आणि मिक्स्ड मिळून सहा ग्रँड स्लॅम. भांबरीही आता डबल्समध्येच आहे आणि २०२५ च्या यूएस ओपनला सेमीपर्यंत गेला. दुःख एवढंच की सिंगल्ससाठी वीस ते पंचवीस या वयात जो आधार लागतो तो आपल्याकडं मिळत नाही. पुण्याला बालेवाडीत २०१८ ते २०२३ एटीपी २५० ची स्पर्धा व्हायची, आपल्या पोरांना वाइल्ड कार्ड (रँकिंग पुरेसं नसताना थेट प्रवेश) मिळायचं, ती गेली. ती परत यावी असं मला फार वाटतं.

प्रश्न : वय २६, कोपरखैरणे. खांद्यामुळे खेळ सुटला. टेनिसमध्येच काही करायचंय.

उत्तर : कर, नक्की कर. कोचिंगला मागणी आहे, पण 'मी नॅशनल खेळलोय' एवढ्यावर उभं राहू नकोस, आयटीएफचा पहिल्या लेव्हलचा कोर्स एआयटीएमार्फत होतो तो कर. लहान मुलांना शिकवता येणं ही वेगळी विद्या आहे, मोठा खेळाडू चांगला कोच असतोच असं नाही. गटिंग शिकून मशिन घेतलंस तर क्लबांत आणि स्पर्धांत काम मिळतं. अंपायरिंगचा विचार असेल तर चेअर अंपायर किंवा रेफरीकडं बघ, लाइन अंपायरचं काम कमी होतंय, विम्बल्डननंही २०२५ पासून लाइन जज काढून मशिन लावलं. आणि सरकारी नोकरीत महाराष्ट्रात खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, तुझी सर्टिफिकेटं त्यात बसतात का ते क्रीडा कार्यालयात जाऊन तपासून घे, वयाची अट निघून जाण्याआधी. खांदा मात्र आधी नीट दाखव, दिवसाला शंभर-शंभर बॉल फीड करायचे असतात.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा आहे, खारघर. सोसायटीतलं टेनिस कोर्ट मोडून पिकलबॉलची दोन कोर्ट केली. आता टेनिस कुठं शिकवू?

उत्तर : तिथंच शिकवा! सहा वर्षांच्या मुलाला पूर्ण कोर्ट नकोच असतं. या वयाला लाल बॉल वापरतात, तो नेहमीच्या बॉलपेक्षा ७५ टक्के हळू असतो, आणि कोर्ट असतं साधारण ११ मीटर लांब. पिकलबॉलचं कोर्ट साडेतेरा मीटरच्या आत आहे, नेटही बुटकं, लाल बॉलला छान चालतं. मग आठ-नऊच्या आसपास केशरी बॉल आणि १८ मीटरचं कोर्ट, त्यानंतर हिरवा बॉल आणि पूर्ण कोर्ट, तेव्हा बाहेर न्यावं लागेल. रॅकेट १९ किंवा २१ इंची घ्या, दादाची जुनी मोठी देऊ नका, मनगट वाकडं वळतं आणि ती सवय काढताना आम्हा कोचचा जीव जातो. कमिटीकडं लेखी अर्ज द्या की संध्याकाळी पाच ते सहा एक कोर्ट दहा वर्षांखालच्या मुलांसाठी ठेवा, दोन-चार पालकांच्या सह्या घ्या. पिकलबॉलवाले साडेसहाशिवाय येत नाहीत ऑफिसातून, तेव्हा कुणाची हरकत असायचं कारण नाही.